डोक्याला जबर मार लागल्यावर : आयसीयूच्या मॉनिटरवरचे ते आकडे काय सांगतात?



हिवाळ्यात पदपथावर गोठलेला बर्फ, उन्हाळ्यात सायकली, आणि मधल्या काळात आल्प्समध्ये स्कीइंगला जायचा मोह. जर्मनीत राहणाऱ्या आपल्या माणसांना डोके आपटण्याच्या संधी काही कमी नाहीत. इथे दरवर्षी सुमारे २ लाख ७० हजार लोकांच्या मेंदूला मार लागतो, असा आकडा नेहमी दिला जातो. त्यातले बहुतेक जण एखादी रात्र रुग्णालयात काढून घरी येतात. हा लेख उरलेल्यांविषयी आहे, म्हणजे ज्यांना बेशुद्ध अवस्थेत आयसीयूत ठेवावे लागते, ज्यांच्या डोक्यातून एक बारीक वायर बाहेर आलेली असते, आणि ज्यांचे नातेवाईक काचेपलीकडून मॉनिटरकडे टक लावून बसलेले असतात.

आम्ही डॉक्टर नव्हे, संगणकवाले. त्यामुळे उपचाराचा सल्ला या लेखात मिळणार नाही. पण दाब, प्रवाह, सेन्सर आणि आलेख हे इंजिनियरला ओळखीचे विषय आहेत. डॉक्टर जर्मनमध्ये भराभर सांगतात तेव्हा ते नक्की कशाविषयी बोलत आहेत एवढे कळले, तरी पुष्कळ मदत होते.

आधी शब्द पाहू. रिपोर्टवर 'शेडेल-हिर्न-ट्राउमा' किंवा नुसते 'एसएचटी' लिहिलेले असते. अर्थ सरळ आहे : कवटीची आणि मेंदूची इजा. 'हिर्नड्रुक' म्हणजे मेंदूतला दाब. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला जगभर आयसीपी म्हणतात आणि इथल्या मॉनिटरवरही तेच लिहिलेले असते.

मार एकदा, इजा दोनदा

डोके आपटते त्या क्षणी जी इजा होते ती पहिली. पेशी तुटल्या, रक्तवाहिनी फुटली, ते झाले ते झाले. त्यावर जगात कुठेही उलटा उपाय नाही. दुसरी इजा मात्र त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत होते. आत रक्त साठते, मेंदूला सूज येते, दाब चढतो, रक्तपुरवठा तुटतो, आणि पहिल्या फटक्यात वाचलेला मेंदूचा भागही मरू लागतो. आयसीयूतली सगळी धडपड या दुसऱ्या इजेविरुद्ध असते.

क्रिकेटवेड्या मंडळींना रमण लांबा आठवत असेल. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात एका क्लब सामन्यात तो फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता उभा होता. चेंडू डोक्याला लागला. तो स्वतःच्या पायांनी ड्रेसिंग रूमपर्यंत चालत गेला आणि मग त्याची प्रकृती ढासळली. तीन दिवसांनी तो गेला. मार लागल्यावर माणूस उठून बोलतो-चालतो आणि काही वेळाने शुद्ध हरपते, या मधल्या फसव्या काळाची डॉक्टरांना फार भीती वाटते. म्हणून डोके आपटल्यावर उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा एका बाजूची बाहुली मोठी दिसणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता ११२ फिरवावा.

कवटी नावाचा बंद डबा

प्रौढ माणसाच्या कवटीत साधारण दीड लिटर जागा असते. तिच्यात तीनच गोष्टी असतात. सुमारे ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के मेंदूभोवतीचे पाण्यासारखे द्रव. डबा हाडाचा, त्यामुळे फुगत नाही. यांपैकी एक वाढले, किंवा रक्ताच्या गुठळीसारखा चौथा पाहुणा आत आला, तर दुसऱ्या कोणाला तरी जागा सोडावी लागते. अलेक्झांडर मन्रो (१७८३) आणि जॉर्ज केली (१८२४) या दोन स्कॉटिश डॉक्टरांच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

सुरुवातीला पाणी पाठीच्या कण्याकडे सरकते, शिरांमधले रक्त बाहेर ढकलले जाते आणि दाब फारसा वाढत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये शेवटचा माणूस आत शिरेपर्यंत जशी 'जरा सरका' म्हणून जागा होत राहते, तसेच हे. मग एका क्षणी सरकायला जागा उरत नाही. त्यानंतर थोडीशी सूज वाढली तरी दाब एकदम उसळी घेतो. दाब आणि आकारमानाचा आलेख काढला तर तो आधी जवळजवळ सपाट आणि मग उभा कडा असा दिसतो. नातेवाईक म्हणतात, "काल तर ठीक होते, रात्रीत काय झाले?" त्याचे उत्तर बहुधा या कड्यात असते.

महत्त्वाची ती वजाबाकी

निरोगी प्रौढ माणूस आडवा असताना आयसीपी साधारण ५ ते १५ मिलिमीटर पारा असतो. रक्तदाब ज्या एककात मोजतात तेच हे एकक. २०-२२ च्या वर आकडा टिकून राहिला तर उपचार करतात. अमेरिकेच्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनने २०१६ च्या मार्गदर्शिकेत २२ ही रेघ आखली, तर युरोपात बरेच डॉक्टर अजून २० धरून चालतात.

पण नुसता आयसीपी पाहून फारसे कळत नाही. मेंदूला रक्त हवे असते आणि रक्त वाहते ते दाबातल्या फरकामुळे. शाळेतला ओहमचा नियम आठवा : प्रवाह म्हणजे दाबातला फरक भागिले अडथळा. रक्त आत ढकलणारा दाब म्हणजे सरासरी रक्तदाब आणि त्याला विरोध करणारा म्हणजे आयसीपी. या दोहोंची वजाबाकी केली की जो आकडा येतो त्याला सीपीपी म्हणतात. मेंदूला रक्त पोचवणारा निव्वळ दाब तो हाच.

उदाहरण घेऊ. रक्तदाब १२०/८० असेल तर सरासरी दाब येतो सुमारे ९३. (खालचा आकडा दोनदा आणि वरचा एकदा घ्यायचा, बेरीज करून तीनने भागायचे.) आयसीपी १० असेल तर सीपीपी ८३, म्हणजे झकास. सूज येऊन आयसीपी ३० झाला तर सीपीपी ६३. अजून निभावते आहे. आता याच रुग्णाचा रक्तदाब ९०/६० वर उतरला, सरासरी ७० झाली, तर सीपीपी उरतो फक्त ४०. मेंदूतला दाब एका अंशानेही वाढलेला नाही, तरी मेंदू उपाशी. प्रौढांसाठी लक्ष्य साधारण ६० ते ७० चे असते, मुलांसाठी त्याहून कमी.

म्हणूनच मेंदूच्या रुग्णाला रक्तदाब वाढवणारे औषध लावलेले दिसले तर दचकू नये. घरी आपण आयुष्यभर बीपी कमी ठेवायच्या मागे असतो आणि इथे डॉक्टर ते चढवत बसलेले असतात. बघणाऱ्याला हे उफराटे वाटते, पण वजाबाकी समजली की कोडे सुटते.

इंजिनियर मंडळींसाठी एक गंमत. रक्तदाबाचा सेन्सर हृदयाच्या पातळीला शून्य केलेला असतो. रुग्णाचे डोके मात्र ३० अंश वर उचललेले असते. कान हृदयापेक्षा १५ सेंटिमीटर वर असेल तर मेंदूपाशी पोचणारा दाब ११ मिलिमीटर पाऱ्याने कमी भरतो. म्हणजे सेन्सर कुठल्या उंचीवर बांधला आहे यावर ६५ चा सीपीपी खरा ५४ असू शकतो. दोन रुग्णालयांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्याआधी एवढे लक्षात असू द्यावे.

दाब मोजण्याची गोष्ट

या विद्येत जर्मन भाषिक प्रदेशाचा वाटा मोठा आहे. १८९१ मध्ये कीलच्या हाइनरिश क्विंके यांनी पाठीच्या कण्यात सुई घालून द्रव काढण्याची आणि त्याचा दाब मोजण्याची पद्धत मांडली. १९००-०१ च्या सुमारास अमेरिकन सर्जन हार्वी कुशिंग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला कोखर यांच्याकडे काम करत होते. कवटीतला दाब वाढला की शरीर रक्तदाब चढवून त्याला तोंड देते, हे त्यांनी तिथे प्रयोगाने दाखवले. वरच्या वजाबाकीचे बीज इथेच आहे.

येनाचे हान्स बेर्गर आपल्याला ईईजीसाठी माहीत आहेत. मेंदूचे विद्युत आलेख त्यांनी १९२४ मध्ये नोंदवले आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ मध्ये, त्यांनी माणसाच्या कवटीतल्या रक्ताभिसरणावर पुस्तक लिहिले होते. कवटीचे हाड काही कारणाने नसलेल्या रुग्णांच्या मेंदूची धडधड त्यांनी त्या छिद्रातून नोंदवली. जाता जाता : बेर्गर यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, कवी फ्रीडरिश र्‍युकर्ट. नलदमयंतीची कथा जर्मनमध्ये आणणारे तेच. असो.

दिवसरात्र सलग दाब मोजायची पद्धत रुळली ती स्वीडनमधल्या लुंड गावच्या निल्स लुंडबर्ग यांच्या १९६० च्या प्रबंधानंतर. दाब अचानक ५० च्या पुढे चढतो, पाच ते वीस मिनिटे तिथेच राहतो आणि मग उतरतो, अशा पठारासारख्या लाटा त्यांनी दाखवल्या. तासातून एकदा आकडा लिहून ठेवला असता तर त्या कधी दिसल्याच नसत्या.

आज दोन मुख्य मार्ग आहेत. एक म्हणजे मेंदूच्या आतल्या द्रवाच्या पोकळीत बारीक नळी घालणे. तिने दाब मोजता येतो आणि जास्तीचे द्रव बाहेरही काढता येते. मात्र तिच्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि सुजेने पोकळी चेपली असेल तर नळी बसवणे अवघड जाते. दुसरा मार्ग म्हणजे कवटीला छोटे छिद्र पाडून टोकाला सेन्सर असलेली वायर मेंदूत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर आत ठेवणे. ही बसवायला सोपी. पण आत गेल्यावर तिचे शून्य बहुधा पुन्हा तपासता येत नाही आणि काही दिवसांत आकडा थोडा सरकू शकतो. हांबुर्गच्या श्पीगेलबेर्ग कंपनीने यावर छान तोडगा काढला. टोकाला हवेची इवलीशी पिशवी, आणि यंत्र दर तासाला आपोआप शून्य जुळवून घेते. बायर्नमधल्या हेल्म्ब्रेश्ट्सची राउमेडिक ही कंपनीदेखील अशा वायरी बनवते. तिच्या एका प्रकारात दाब, तापमान आणि ऑक्सिजन तिन्ही एकत्र मोजतात.

वायर कोणाला घालायची? शुद्धीचे गुण (ग्लासगो कोमा स्केल, १९७४ पासून वापरात, ३ ते १५ गुण) ८ किंवा कमी असतील आणि सीटी स्कॅनमध्ये इजा दिसत असेल तर बहुधा घालतात. शुद्धीवर असलेला माणूस स्वतःच सर्वांत उत्तम मॉनिटर असतो. बेशुद्ध माणूस सांगू शकत नाही, म्हणून वायर.

आणि रक्त खरेच पोचते आहे का?

दाब म्हणजे प्रवाह नव्हे. वजनाने शरीराच्या २ टक्के असलेला मेंदू एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के एकटा खातो. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागते. ते २० च्या खाली गेले की काम बंद पडते आणि १० च्या आसपास पेशी मरू लागतात.

हा प्रवाह पलंगाशेजारी सलग मोजणे कठीण. १९८२ मध्ये र्‍युने आस्लिड यांनी बर्नमध्ये कानशिलाच्या पातळ हाडातून अल्ट्रासाउंड पाठवून मेंदूच्या धमनीतल्या रक्ताचा वेग मोजून दाखवला. त्यासाठी लागणारे सुरुवातीचे यंत्र बोडेनझे सरोवराकाठच्या युबरलिंगेनमध्ये बनत असे. डॉक्टर कानशिलावर पेनसारखी वस्तू धरून 'शूं शूं' आवाज ऐकताना दिसले तर ते हेच. त्याने वेग कळतो, नेमके आकारमान नाही. पण पुढे काही टोचावे लागत नाही आणि दिवसातून कितीही वेळा करता येते. याशिवाय मेंदूत ठेवायची ऑक्सिजनची वायर आहे, तसेच पेशीजाल किंचित तापवून उष्णता किती लवकर वाहून जाते यावरून प्रवाह काढणारी वायर आहे. ही दुसरी पद्धत मानहाइमच्या डॉक्टरांनी पारखून २००० मध्ये तिचे निकाल प्रसिद्ध केले.

आम्हाला स्वतःला सर्वांत आवडलेली युक्ती केंब्रिजच्या मारेक चोस्निका यांच्या गटाची, १९९७ ची. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्या रक्तदाब वाढला की आवळतात, म्हणून मेंदूतला दाब चढत नाही. इजा झालेल्या मेंदूत हे नियंत्रण सुटते आणि रक्तदाबाबरोबर आयसीपीही चढउतार करू लागतो. मग करायचे काय, तर दोन्हींच्या दहा-दहा सेकंदांच्या सरासऱ्या घ्यायच्या, शेवटच्या ३० जोड्यांचा सहसंबंध काढायचा आणि खिडकी पुढे सरकवत राहायची. उत्तर शून्याच्या आसपास किंवा खाली असेल तर नियंत्रण शाबूत, +१ कडे झुकले तर बिघडलेले. नवी वायर नाही, नवे छिद्र नाही, हाती असलेल्या आकड्यांवर चार ओळींचा प्रोग्राम. प्रत्येक रुग्णासाठी वेगळा योग्य सीपीपी यावरून ठरवता येईल का, याचा अभ्यास अजून चालू आहे.

दाब चढला तर

पायऱ्या ठरलेल्या असतात. डोके उंच आणि मान सरळ ठेवणे, वेदना आणि ताप आवरणे, गुंगीचे औषध वाढवणे ('क्युन्स्टलिशेस कोमा' म्हणतात ते हेच, औषधाने आणलेली झोप), नळीतून द्रव काढणे, मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचे पाणी शिरेतून देणे. श्वासयंत्राचा वेग वाढवला की रक्तवाहिन्या आकसून दाब लगेच उतरतो, पण त्याबरोबर रक्तपुरवठाही घटतो. म्हणून हा उपाय थोड्या वेळापुरताच. स्टेरॉइड देऊन सूज उतरेल असे पूर्वी वाटे. २००४ मध्ये १०,००८ रुग्णांवरच्या 'क्रॅश' चाचणीत त्याने मृत्यू वाढतात असे दिसले आणि ते बंद झाले. भारतातून फोनवर कोणी "स्टेरॉइड का देत नाहीत?" असे विचारले तर हे उत्तर.

शेवटची पायरी म्हणजे कवटीचा मोठा तुकडा काढून सुजेला जागा करून देणे. २०१६ च्या 'रेस्क्यूआयसीपी' चाचणीत यामुळे सहा महिन्यांतले मृत्यू ४८.९ टक्क्यांवरून २६.९ टक्क्यांवर आले. मात्र अचेत अवस्थेत राहणाऱ्यांचे प्रमाणही वाढले, २.१ वरून ८.५ टक्क्यांवर. डॉक्टर या शस्त्रक्रियेविषयी विचारतात तेव्हा नातेवाइकांपुढे खरा प्रश्न हा असतो, आणि तो तसाच स्पष्ट विचारून घ्यावा.

आकडा म्हणजे निकाल नव्हे

२९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधल्या मेरिबेल येथे मिखाएल शूमाखरचे डोके स्कीइंग करताना खडकावर आपटले. हेल्मेट होते. ग्रेनोबल रुग्णालयात पहिल्या दोन दिवसांत दोन शस्त्रक्रिया झाल्या. दाब उतरवण्यासाठी औषधी कोमा आणि शरीराचे तापमान कमी ठेवणे, हे डॉक्टरांनी पत्रकारांना समजावून सांगितले, आणि 'हिर्नड्रुक' हा शब्द जर्मनीत घरोघरी पोचला. जून २०१४ मध्ये तो कोमातून बाहेर आल्याचे आणि ग्रेनोबल सोडल्याचे जाहीर झाले. (तापमान उतरवण्याचा उपाय दाब कमी करतो खरा, पण २०१५ च्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत त्याने रुग्णांचे भले झाले नाही, उलट नुकसानच दिसले.)

ग्रेनोबलच्या त्या आयसीयूचे तेव्हाचे प्रमुख प्राध्यापक पायँ. त्यांच्याच नेतृत्वाखाली झालेल्या फ्रेंच चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. दाबाबरोबर मेंदूतला ऑक्सिजनही मोजला तर रुग्ण अधिक बरे होतात का? ३१८ रुग्णांत फरक आढळला नाही. त्याआधी २०१२ मध्ये बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधल्या ३२४ रुग्णांच्या चाचणीत तर दाबाच्या वायरीवर चालवलेले उपचार आणि वारंवार तपासणी व स्कॅन पाहून केलेले उपचार जवळजवळ सारखेच ठरले. म्हणून वायर निरुपयोगी आहे असे नव्हे. जगभर ती वापरतातच. पण एखाद्या छोट्या गावच्या रुग्णालयात ती नाही म्हणून सारे संपले असे समजू नये, आणि आहे म्हणून मॉनिटरवर २४ दिसताच रडू नये. खोकला आला, कूस बदलली, नळी साफ केली तरी आकडा चढतो. विचारायचा प्रश्न "आत्ता किती?" हा नसून "कालपासून कल कुठे आहे आणि किती वेळ वर राहतो?" हा आहे.

आपल्या मराठी घरांसाठी विशेष

शुद्धीच्या १५ गुणांपैकी ५ बोलण्याचे असतात आणि ६ सांगितलेली कृती करण्याचे. जर्मन न येणारी आई मराठीत अगदी सुसंबद्ध बोलत असेल, तरी समोरच्याला ती असंबद्ध वाटू शकते. उलट, ती खरोखर भरकटली आहे हेही फक्त तुम्हालाच कळणार. म्हणून रुग्णवाहिकेच्या डॉक्टरला पहिल्या मिनिटात सांगा की रुग्णाची भाषा मराठी आहे, आणि ती आत्ता नीट बोलते आहे की नाही.

गुंगी उतरवून शुद्ध तपासतात तेव्हाही हेच. एका कागदावर 'डोळे उघडा', 'माझा हात दाबा', 'जीभ दाखवा', 'पाय हलवा' ही वाक्ये जर्मन माणसाला वाचता येतील अशा रोमन अक्षरांत, शेजारी जर्मन अर्थासह लिहून पलंगापाशी लावून ठेवा. घरात हाक मारायचे नावही लिहा. कागदपत्रांवरच्या भारदस्त नावाला ओ न देणारे आजोबा 'अण्णा' म्हटल्यावर डोळे उघडतील.

भारतातून आलेल्या आईवडिलांच्या गोळ्यांची यादी औषधांच्या मूळ रासायनिक नावांनी करून ठेवा. ब्रँडची नावे इथे कोणाला कळत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी (अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन वगैरे) चालू असेल तर ते सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत. अशा माणसाने डोके आपटले तर मार किरकोळ वाटला तरी दाखवून घ्यावे.

शेवटी कायद्याची बाजू. तातडीचे उपचार कोणाच्या सहीसाठी थांबत नाहीत. त्यानंतरच्या निर्णयांसाठी १ जानेवारी २०२३ पासून जर्मनीत पतीपत्नींना एकमेकांच्या वतीने आरोग्यविषयक निर्णय घेता येतात, तेही जास्तीत जास्त सहा महिने आणि दोघे विभक्त राहत नसतील तरच. सज्ञान मुलगा आईसाठी किंवा वडील २२ वर्षांच्या विद्यार्थिनी मुलीसाठी आपोआप निर्णय घेऊ शकत नाहीत. तिथे 'फोरझोर्गफोलमाख्ट', म्हणजे आधी लिहून दिलेला अधिकार, लागतो. नसेल तर न्यायालय प्रतिनिधी नेमते. हा अधिकार लिहून त्याची नोंद नोटरींच्या केंद्रीय संस्थेच्या नोंदवहीत करता येते, आणि डॉक्टरांना ती पाहता येते. शिकायला आलेल्या मुलामुलींच्या पालकांनी हे काम व्हिसाच्या कागदांबरोबरच उरकून घेतलेले बरे. पालक भारतात असतील तर इथला एखादा विश्वासू नातेवाईक किंवा मित्रही त्यात नेमता येतो.